अण्णांशी वाद नंतर, आधी आक्काची अमावस्या

पत्र:

नमस्कार. मी २७ वर्षांचा, मूळचा फलटण तालुक्यातला, सध्या हिंजवडीत नोकरीला आहे. कॉलेजपासून मी नास्तिक आहे. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पक्के माळकरी, दर आषाढीला पायी वारी. पूर्वी आमचं छान पटायचं. आता मी सुट्टीला घरी गेलो की वाद ठरलेला. मी युट्यूबवर आस्तिक-नास्तिकांचे वादविवाद भरपूर बघतो, त्यामुळे अण्णांचा एकही मुद्दा माझ्यापुढे टिकत नाही. कार्तिकीच्या बारशीला जेवायला बसलो असताना मी म्हणालो, “तुमचा विठ्ठल म्हणजे कोरलेला दगड. दगडापुढे रडणारा माणूस शहाणा कसा?” अण्णा काही न बोलता ताटावरून उठले. तेव्हापासून माझा फोन घेत नाहीत. आई म्हणते, माफी माग. जे खरं आहे ते बोललो म्हणून माफी मागितली, तर ती माझ्या विचारांशी गद्दारी होणार नाही का? आणि यापुढे घरातल्या पूजेला, आरतीला मी उभं राहायचं की नाही? माझं चुकलं कुठे ते मुद्द्यानिशी सांगा.

ता. क. आईही काही कमी नाही. आक्काच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून आई तिला शेजारच्या तालुक्यातल्या एका महाराजाकडे नेते. अंगारा, लिंबू चालू आहे. आता तो एकवीस हजार मागतोय आणि येत्या अमावस्येला आक्काला एकटीला मठीत बसवून विधी करायचा म्हणे. अशा घरात वाद घालून तरी काय उपयोग?

उत्तर:

विठ्ठल आहे की नाही यावर तू पत्राचा सगळा ऐवज खर्च केलास आणि आक्काला ता. क.मध्ये बसवलंस. मी ता. क.चं उत्तर आधी देते. विठ्ठलाच्या प्रश्नाला घाई नाही, अमावस्येला आहे.

मूल होत नसलेल्या बाईला “एकटीला आत बसवा” असं कुणी म्हणालं, की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. तो महाराज कसा आहे हे मला माहीत नाही आणि न बघता त्याच्यावर आरोप करणार नाही. पण महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची एकदा वाच. अलौकिक शक्तीने आई करतो असं आश्वासन देऊन, मूल न होणाऱ्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणं, हा गुन्हा तिथे स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. ही ओळ कायदा करणाऱ्यांना कल्पनेतून सुचलेली नसणार. चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणंही त्याच यादीत आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. हे सगळं आईला वाचून दाखवायचं नाहीये. तुला माहीत असावं एवढंच.

आज रात्री फोन आक्काला कर, आईला नको. आणि “तू एवढी शिकलेली, असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतेस?” हे वाक्य गिळून टाक. सहा वर्षं जिला ओटी भरायला बोलावताना बायका कचरतात, जिच्या पोटाकडे प्रत्येक सणाला चार नजरा जातात, ती बाई अंगारा लावून घेते तेव्हा तिचा त्यावर विश्वास असतोच असं नाही. नाही गेली तर “हिलाच मूल नकोय” असं ऐकावं लागेल, म्हणूनही जात असेल. तिला विचार, तुला जायचंय का? नसेल जायचं, तर तुझ्या वतीने नाही म्हणायला मी उभा आहे, एवढं सांग. मग विचार, तपासण्या झाल्यात का? आणि त्याच्या पुढचा प्रश्न, जो आपल्याकडे सासरी कुणी विचारत नाही: भावोजींची तपासणी झाली का? मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत कारण पुरुषाकडचंही असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. वीर्याची तपासणी तुलनेने स्वस्त, सोपी, सुईसुद्धा न टोचणारी. तरीही बाईच्या सगळ्या तपासण्या, सगळे उपास आणि सगळे महाराज संपेपर्यंत पुरुषाच्या त्या एका तपासणीचा विषय निघत नाही. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, आणि बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांत, दोघांनी मिळून डॉक्टर गाठायचा असतो. इथे सहा वर्षं गेलीत.

आता आईला कोण समजावणार? तू नाही. तू घरात आधीच “देव न मानणारा” म्हणून ठरलेला आहेस. महाराजाविरुद्ध तू जे बोलशील ते “हा तर विठ्ठलालाही दगड म्हणतो” या एका वाक्यात वाहून जाईल. बारशीला ताटावर तू जिंकलास, त्याची ही किंमत आहे, आणि ती आक्का मोजतेय.

आईला अडवू शकेल असा माणूस घरात एकच आहे, आणि तो तुझा फोन घेत नाही.

यावर तू हसशील. अण्णा? तेच तर सगळ्यात मोठे भाविक! पण माळकरी म्हणजे नेमकं काय, हे तू कधी अण्णांना विचारलंयस असं पत्रावरून वाटत नाही. अंगारे, लिंबं, नवस, अंगात येणं यांच्याविरुद्ध मराठीत सगळ्यात जास्त आग ओकलीय ती तुकोबांनी. नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करायचा, हा प्रश्न कुठल्या युट्यूबवाल्याचा नव्हे, देहूच्या वाण्याचा आहे. शेंदूर फासलेल्या दैवतांची, भुताखेतांची त्यांनी केलेली टवाळी अण्णांना पाठ असणार. प्रत्येक माळकरी यातून मोकळा असतो असा माझा भाबडा समज नाही. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात कुणातरी बाबाचा ताईत, अशी माणसं मीही बघितली आहेत. पण पायी वारी करणाऱ्या माणसाला “एकवीस हजार देऊन मठीत बसण्याबद्दल तुकोबा काय म्हणतात?” असं विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर असतंच. फक्त विचारायचं, सांगायचं नाही. तू अण्णांना अभंग ऐकवायला गेलास तर तो पुन्हा वादविवाद होईल, आणि अभंगांच्या बाबतीत तू त्यांच्यापुढे टिकणार नाहीस.

कदाचित त्यांना यातलं काही माहीतही नसेल. बायकांचे दवाखाने आणि बायकांचे महाराज, दोन्ही पुरुषांपर्यंत उशिराच पोचतात.

आता तुझा मुद्दा. मुद्द्यानिशी सांगा म्हणालास, म्हणून तर्काच्या बाजूनेच बघू. “तुमचा देव दगड आहे” हा युक्तिवाद म्हणून लंगडा आहे. तो खोटा आहे म्हणून नाही, समोरच्याने तो कधी नाकारलाच नव्हता म्हणून. देव दगडाचा, पायरीही दगडाची, एकाची पूजा करतात, दुसरीवर पाय देऊन जातात, हेही तुकोबाच सांगून गेले, पावणेचारशे वर्षांपूर्वी, आणि सार भावात आहे असं पुढे म्हणाले. नामदेवांची कथा तर लहान मुलांनाही सांगतात. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. कथा खरी की खोटी हे सोड. ज्या परंपरेने ती जपली, तिला मूर्ती दगडाची असते ही बातमी तू बारशीच्या रात्री पहिल्यांदा दिलीस असं नाही.

मग अण्णा उठले ते कशाने? दगड म्हणालास म्हणून नसावेत. “रडणारा माणूस शहाणा कसा” म्हणालास म्हणून उठले. पहिलं वाक्य विठ्ठलाबद्दल होतं, दुसरं त्यांच्याबद्दल.

तू बघतोस ते वादविवाद मीही थोडेफार बघितले आहेत. हुशार माणसं असतात, मजा येते. पण त्यातले बरेचसे डाव अमेरिका-इंग्लंडच्या आखाड्यात तयार झालेले आहेत. तिथे समोरचा पैलवान म्हणतो की आमच्या ग्रंथातलं अक्षर न् अक्षर खरं, जग सहा दिवसांत झालं, शाळेत उत्क्रांती शिकवू नका. त्याच्याशी तसंच लढावं लागतं. अण्णांनी जन्मात असा एकही दावा केला नसेल. आणि इथल्या परंपरेत वाद घालायचाच असेल, तर सामान भरपूर पडलंय. चार्वाकांनी तर परलोकच उडवून लावला. सांख्यांना जग चालवायला ईश्वर लागला नाही. मीमांसकांचं तर मला नेहमी नवल वाटतं: यज्ञाचा तपशील काटेकोर हवा म्हणून हटून बसलेली ही मंडळी, पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांनी मानला नाही. सृष्टी कशी झाली हे वरून बघणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल, अशी शंका खुद्द ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताच्या शेवटी आहे. ज्या घरात रोज हरिपाठ होतो तिथे असल्या गोष्टी काढल्यास तर ताटावरून उठण्याऐवजी ताटं वाळेपर्यंत बोलणं चालेल. अण्णांची तयारी असेल तर. तयारी नसलेल्या माणसाशी केलेला वाद हा वाद नसतो, शिकवणी असते, आणि साठी उलटलेल्या बापाला पोराची शिकवणी नको असते.

इथे तू मला अडवशील, आणि अडवावंसच. तू म्हणशील, देवावरच्या श्रद्धेच्या मुळातूनच तो महाराज उगवला आहे. मूळ सोडून फांद्या किती तोडायच्या? हा आक्षेप फालतू नाही. डॉ. श्रीराम लागू हेच म्हणत आले. परमेश्वराला रिटायर करा, असं त्यांनी आयुष्यभर ठणकावून सांगितलं. उलट डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, तेव्हा भूमिका अशी घेतली की समितीचा देवाधर्माला विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना आहे. मतभेद मुळातला होता. आणि या दोघांनी तो राज्यभर, एकाच मंचावर बसून, लोकांसमोर मांडला. एकाने देव नाकारायचा, दुसऱ्याने आपली चौकट सांगायची, लोकांनी प्रश्न विचारायचे. तुला वादविवाद बघायची आवड आहे ना, तर हा नमुना तुझ्याच मातीतला आहे, आणि दाभोलकर तर तुझ्याच जिल्ह्यातले, साताऱ्याचे.

माझा कौल विचारशील, तर दूरच्या हिशेबात लागू बरोबर असतीलही. माणसाला आधार म्हणून आभाळाकडे बघायची सवय लागली, की मधल्यामध्ये दलाल उभे राहतात हे खरंच आहे. पण आक्काची अमावस्या दूरच्या हिशेबात बसत नाही. तिच्यासाठी आज जो अण्णांना बरोबर घेईल तोच कामाचा. जादूटोणाविरोधी कायदाही याच वाटेने आला. वर्षानुवर्षं तो रखडला, वारीवर, कीर्तनावर बंदी येणार अशा अफवा उठल्या. शेवटी कायद्यातच स्पष्ट लिहावं लागलं की यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली-मंदिरातली उपासना यांना तो लागू नाही. त्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यात गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. कायद्याने जी रेघ मारली, तीच तू घरात मार. अण्णांची वारी रेघेच्या एका बाजूला, मठी दुसऱ्या बाजूला. आज तू दोन्ही एकाच पोत्यात घालतोयस, आणि त्याने फायदा फक्त महाराजाचा होतोय.

आणि पंढरपूरचंच बोलायचं तर ते देऊळ दलितांना उघडावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले. हाडाचे आस्तिक. बडव्यांशी आणि आपल्याच श्रद्धावंत समाजाशी भांडले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढलं, आणि पन्नास वर्षांनी त्याचे संपादक झाले दाभोलकर. कोण आस्तिक, कोण नास्तिक यावर बाजू ठरवायची सवय तुला लागलीय. इथे ती बाजू कशी लावशील सांग.

आता माफी. विठ्ठल नाही असं तुला वाटतं, त्याबद्दल माफी मागू नकोस. मागितलीस तर अण्णांनाही ती खोटी वाटेल. जेवत्या माणसाला ताटावरून उठायला लावलंस आणि त्याच्या रडण्याची टवाळी केलीस, त्याची माग. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन घेत नाहीत तर फलटणची एसटी पकड. त्यांच्या जुन्या खात्याच्या गाडीने आलास याचंही त्यांना बरं वाटेल. जाऊन सरळ म्हण, “अण्णा, मी देव मानत नाही, त्यात बदल नाही. पण त्या रात्री मी तुमचा अपमान केला, तो करायला नको होता.” याच्यापुढे “पण” जोडायचा नाही. पाच मिनिटं गप्प बसावं लागलं तरी बस. मग आक्काचं सांग. सगळं सांग, एकटीला बसवायचंय तेही. तुम्ही काय म्हणता, विचार. त्यानंतर ते उठतील आणि आईशी काय बोलायचं ते बोलतील, असं मला वाटतं. नाहीच बोलले, तर कायदा आहे, पोलीस ठाणं आहे आणि समितीचे कार्यकर्ते तुमच्या जिल्ह्यात आहेत. अमावस्येच्या आत त्यांना गाठ. त्या बाबतीत भिडेला जागा नाही, आईच्याही.

पूजा-आरतीचा तुझा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, तूच तो मोठा करून ठेवलायस. न मानण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. घटनेचं २५वं कलम धर्माच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. शाळेतल्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडवली होती, मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल त्याच्या बाजूने दिला. पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने सांगितलं की सरकारी अर्जावर “माझा कुठलाही धर्म नाही” असं लिहायचा नागरिकाला अधिकार आहे. तू एकटाही नाहीस. २०११च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशात ३३ हजारांच्या आसपास निघाले, एवढ्या मोठ्या देशात मूठभरच, पण सगळ्यांत जास्त महाराष्ट्रात. बाकीचे न सांगता बसलेले किती, ते ज्याचं त्याला ठाऊक.

हक्क आहे म्हणजे तो दर चतुर्थीला बजावलाच पाहिजे असं नाही. तुझं तू एकदा ठरव: हात जोडणार नाही, पण आरतीला घरच्यांबरोबर उभा राहीन. किंवा तेवढा वेळ गॅलरीत जाईन. दोन्हीत गद्दारी नाही. मात्र जे ठरवशील ते एकदाच, सणाच्या आधी, शांतपणे सांग. आरती सुरू असताना चेहरा वाकडा करून उभं राहणं हा तिसरा प्रकार फार वाईट, तो सगळ्यांचाच सण नासवतो. आणि पुढचं एक, जे तू विचारलेलं नाहीस. तू मुलगा आहेस. अण्णांचं उद्या काही झालं तर दहाव्याला पिंडदान कोण करणार, हा प्रश्न त्यांच्या मनात आत्ताच असेल. तू करणार नसशील तर आक्का करेल का, हे त्यांच्याशी त्यांच्या हयातीत बोल. विचारांशी प्रामाणिक राहायचं तर प्रामाणिकपणाची खरी कसोटी तिथे आहे. आगरकरांनी आपल्या मागे अंत्यसंस्काराच्या खर्चाला लागतील तेवढे पैसे पुडीत बांधून, वर चिठ्ठी लिहून ठेवले होते. ज्यांची जिवंतपणी पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली, त्या सुधारकाने आपल्या मतांचा भार घरच्यांवर पडणार नाही एवढी काळजी घेतली.

समेट झाला की अण्णा बहुधा एक गोष्ट करतील. “चल, एकदा वारीला ये आणि मग बोल,” म्हणतील. सगळे माळकरी म्हणतात. पंढरपूरपर्यंत जायची सक्ती नाही. माऊलींची पालखी लोणंदहून तरडगावला येते तो टप्पा छोटा आहे आणि तुझ्याच तालुक्यात शिरतो. वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं. तेवढं चाल. टाळ वाजवू नकोस वाटलं तर, अण्णांची पिशवी घे. वाटेत ते विठ्ठलाबद्दल काही म्हणालेच आणि तुला पटलं नाही, तर तिथे खुशाल वाद घाल, वारीत गप्पांना वेळच वेळ असतो. फक्त नवे बूट घालून जाऊ नकोस. पहिल्या तासात फोड येतात.